पतीचे आधार कार्ड कुठून आणायचे?

आमच्या इमारतीत राहणारी, सातवा महिना लागलेली एक मुलगी आज दुपारी मातृवंदना योजनेचा, म्हणजे बाळंतपणासाठी मिळणाऱ्या सरकारी पैशांचा, अर्ज तसाच हातात घेऊन परत आली. तिला ऐकवलेले कारण तेच, जे माझ्या बाळंतपणात मला ऐकवले गेले होते: ‘पतीचे आधार कार्ड जोडा.’ आपण एकट्या आहोत हे तिने रांगेतल्या सगळ्यांच्या देखत सांगितले, तरीही अर्ज घेतला गेला नाही. मला अतिशय संताप आला आहे आणि तो आवरण्याची माझी इच्छाही नाही.

माझा नवरा दिवस गेल्यावर काही महिन्यांतच घर सोडून गेला. घटस्फोट झालेला नव्हता. मी ज्या दुकानात हिशेब लिहीत असे तिथे दहापेक्षा कमी माणसे होती, त्यामुळे १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आणि २०१७ च्या दुरुस्तीने आलेली २६ आठवड्यांची भरपगारी रजा मला लागूच नव्हती. मिळाली ती बिनपगारी रजा. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी माझ्या अर्जावरच्या पतीच्या रकान्याभोवती निळ्या पेनाने गोल केला, ‘हे पूर्ण करून आणा’ म्हणाले आणि पुढच्या बाईला हाक मारली. नाव मी लिहिलेही असते, पण ज्याचा पत्ता ठाऊक नाही त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स मी कुठून आणणार होते?

विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे न्यायालयाचा हुकूमनामा असतो. टाकून दिलेल्या बाईकडे आणि लग्न न करता आई झालेल्या बाईकडे दाखवायला काय असते? माणूस सोबत नाही याचा पुरावा तिने द्यायचा, तोही टाके ओले असताना, आणि बाळाला घरी कोणाजवळ ठेवायचे हे कोणी विचारायचेही नाही.

खोटे अर्ज येतात, हे मान्य. कागद तपासणे हे त्या कर्मचाऱ्याचे काम आहे, हेही मान्य. पण नियमात नसलेला कागद मागणे हे त्याचे काम नाही. २०२२ पासूनच्या सुधारित योजनेत पतीचे आधार बंधनकारक नाही, आणि ही अट काढली गेली ती एकट्या मातांसाठीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच अविवाहित आईला, वडिलांना न कळवता, मुलाचे पालकत्व मिळू शकते असे सांगितले. आपल्या राज्याने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव लावायचे ठरवले. हे सगळे झाले, तरी तो निळा गोल आहे तिथेच आहे.

‘पाच हजारांसाठी एवढा जीव कशाला काढायचा?’ असे माझ्याच नात्यातल्या एका बाईंनी मला विचारले होते. पहिल्या बाळासाठी ३००० आणि २००० असे दोन हप्ते मिळतात, आणि दुसरा हप्ता जन्मनोंदणी व पहिल्या लसी झाल्यावरच येतो. ज्यांच्या घरात दुसरा पगार येतो त्यांना ही रक्कम किरकोळ वाटेल. माझ्या घरात त्या महिन्यांत एकही पगार येत नव्हता, आणि मी भीक मागत नव्हते.

माझा अर्ज अखेर मार्गी लागला तो आमच्या अंगणवाडी सेविकेमुळे. त्यांनी बाळाला स्वतःच्या मांडीवर घेतले, मला खुर्ची दिली आणि सगळा अर्ज पुन्हा भरून घेतला. नवऱ्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. त्यांची आठवण झाली की राग थोडा उतरतो, पण प्रत्येकीला अशी सेविका भेटेलच याची खात्री कोण देणार?

उद्या सकाळी मी त्या मुलीबरोबर जाणार आहे. अर्ज नाकारायचाच असेल, तर कोणत्या नियमाने नाकारला ते सही-शिक्क्यानिशी लेखी द्या, एवढेच आम्ही मागणार आहोत. तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर तिला एकटीला पाठवू नका, आणि तुमच्यापैकी जे स्वतः अशा खिडकीमागे बसतात त्यांनी हा रकाना रिकामा दिसला तरी अर्ज ठेवून घ्यावा.