तांदळाच्या खोलीची किल्ली

मी मुख्याध्यापक नाही, प्रभारी आहे. फरक सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीला दीडशेच्या वर लेकरं असली तरच वेगळा मुख्याध्यापक, अन साठपर्यंत असली तर शिक्षकच दोन. आमच्याकडं ५३ लेकरं, एक मॅडम अन मी. मी दोन वर्षांनी सीनियर, म्हणून शिक्का माझ्याकडं.

तर मागच्या महिन्यात पत्र आलं, शालेय नेतृत्व प्रशिक्षण, लातूर, उपस्थिती अनिवार्य. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण लिहिलंय, शिक्षकालाही अन मुख्याध्यापकालाही. मी दोन्ही आहे, मग माझे ५० का १००, हे विचारायची हिंमत झाली नाही.

उदगीरहून पहिली एसटी धरली. नाष्ट्याला चुरमुऱ्याची सुशीला होती, चांगली होती, खोटं कशाला बोलू. मग प्रोजेक्टर लागला, लागला म्हणजे पाऊण तास वायर हलवल्यावर लागला, अन साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमचं व्हिजन काय?" शेजारचे सर रिटायरमेंटला आलेले. हळूच म्हणाले, "मार्च एंड."

पुढची स्लाईड जबाबदाऱ्यांच्या वाटपाची. खरा नेता सगळं स्वतःच्या हातात ठेवत नाही, सहकाऱ्यांवर विश्वास टाकतो वगैरे. मी मन लावून वहीत उतरवूलालतो तेवढ्यात फोन थरथरला. खिचडीवाल्या मावशी.

"सर, तांदळाच्या खोलीची किल्ली कुठं ठेवलाव ओ?"

खिशात हात घातला. जुडगा खिशातच.

लेकराला शंभर ग्रॅमप्रमाणं पाच किलो तीनशे ग्रॅम तांदूळ तिकडं कुलपात, अन कुलूपवाला इकडं लातुरात नेतृत्व शिकूलालाय. जादा किल्ली आहे, नाही असं नाही, पण ती कपाटात, अन कपाटाची किल्ली याच जुडग्यात. मॅडमला फोन द्या म्हणलं तर त्या पाचही वर्ग एका खोलीत घेऊन बसलेल्या, त्या गलक्यात मला एवढंच ऐकू आलं, "सर, आजची ऑनलाइन हजेरी पण तुमच्याच मोबाईलवरून भरावी लागते."

जेवणानंतर गटकार्य. चार्टपेपरवर आदर्श मुख्याध्यापकाचे गुण लिहायचे. आमच्या गटानं मधोमध हिरव्या स्केचपेननं 'विकेंद्रीकरण' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्षर माझं.

संध्याकाळी धावतपळत गावात आलो तर सगळं शांत. मावशींनी दोन घरून तांदूळ उसना आणला होता, खिचडी वेळेवर झाली होती, लेकरं खाऊन, भांडून घरी गेली होती.

"पाच किलो तीनशे द्यायचाय माघारी," मावशी म्हणल्या. "मोजून आणलाव. आन सर, उद्या परत जाणार असलाव तर ती किल्ली तेवढी ठिवून जावा."

"हाव हाव, हे काय सांगायचं झालं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत खिडकीची जागा मिळाली, कधी नव्हं ते झोप लागली. नळेगाव गेल्यावर मांडीला काहीतरी टोचलं.