बाराखडीवर राग कशाला?

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा फोनिक्सवरून, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून इंग्रजी वाचायला शिकवण्याच्या पद्धतीवरून, जुंपली. मुलुंडची मावसबहीण चार वर्षांच्या लेकाला फोनिक्सच्या क्लासला घालणार, टॅबलेटवरच्या ॲपसकट. गिरगावातल्या काकांनी लिहिलं, "आम्ही पाटीवर बाराखडी गिरवली, आमचं काय अडलं?" तिने टोला हाणला, "काका, ती घोकंपट्टी. जगभर मुलं आवाज जोडून वाचायला शिकतात. दादाला विचारा, तिकडे असंच असतं."

दादा म्हणजे मी आणि तिकडे म्हणजे इंग्लंडमधलं लेस्टर. कचरा असो, ट्रॅफिक असो, साक्षीला मलाच उभं करतात. वीट आलाय. पण या वेळी बोलतोच.

हो, इथे असंच शिकवतात. मुलगी रिसेप्शनमध्ये, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात, गेली आणि एस, ए, टी, पी, आय, एन घेऊन घरी आली. एबीसीडीचा क्रम नाही, कारण या सहांतून लगेच 'सॅट', 'पिन', 'टॅप' जमतात. वाचन कसं शिकवावं यावरच्या २००६ च्या सरकारी रोझ अहवालानंतर इंग्लंडने ही पद्धत सरसकट उचलली. २०१२ पासून त्याच्या पुढच्या वर्गात, इयर वनमध्ये, तपासणीही होते: ४० शब्द, त्यातले २० निरर्थक, म्हणजे पाठांतराची लबाडी चालत नाही. हा सगळा खटाटोप कशासाठी? २६ अक्षरांत ४४ च्या आसपास ध्वनी कोंबलेत म्हणून. 'सेड' आणि 'वॉज' तर तरीही नुसते लक्षातच ठेवावे लागतात. यांच्या स्पेलिंगचा पाय मोडलाय म्हणून यांनी कुबडी घेतली. धडधाकट पायांनी ती मिरवायची कशाला?

शाळेने पालकांना बोलावून शिकवणी दाखवली होती. बोर्डावर तीन अक्षरं लांब लांब. मिस ती बोटाने हळूहळू जवळ सरकवते, मुलं 'स्स्स्' लांबवत पुढच्या आवाजात घुसतात, तोंडातला आवाज तुटू द्यायचा नाही. 'स' आणि 'म' असे ताणता येतात. 'ब' आणि 'ट' ताणता येत नाहीत, ते झटकन म्हणून सोडायचे, मागे 'अ' चिकटवायचा नाही. इथे आम्हा देशी आईबापांची फजिती. आम्ही 'ब' म्हटलं की 'अ' आलाच. मुलुंडच्या क्लासमध्ये 'ब-ॲ-ट' असं सुटं सुटं ओरडून घेतात, असा बहिणीने व्हिडिओ टाकला होता. त्यातून 'बॅट' कशी होणार? शेवटी ॲपच टाळ्या वाजवून शब्द बोलून टाकतं. जोडायचं काम ॲपने केलं, पोरगा नुसता बघत बसला.

आता बाराखडी. की म्हणजे क् आणि ई, कू म्हणजे क् आणि ऊ. व्यंजनात स्वर मिसळण्याचा एवढा स्वच्छ तक्ता इंग्रजीकडे नाही. काकांना मात्र एवढं सांगेन की चालीवर म्हटली म्हणजे आली असं नाही. मधल्याच 'कु'वर बोट ठेवलं तर बरीच पोरं क-का-कि-की करत तिथवर चालत येतात. आणि मराठीतही गिळायला शिकावं लागतंच. कमळ म्हणताना शेवटच्या ळ मधला अ जातो. सरबत चार पूर्ण अक्षरांनी लिहितो, पण तोंडातून येतं सर्-बत. बोटाच्या वेगाने हे ऐकवणारं एखादं ॲप कुणी काढलं, तर मी आज पैसे टाकतो.

खरी गंमत पुढे आहे. आवाज जोडून शब्द निघाला, की तो ओळखीचा निघावा लागतो. इथलं पोर 'प-इ-न' जोडतं आणि टाचणी डोळ्यांपुढे येते, कारण शब्द कानात आधीच बसलेला असतो. मुलुंडच्या पोराच्या कानात पाणी, मामा, चटई, कढी आहे. मग त्याला आधी 'मामा' वाचू द्या ना! इंग्रजी कुठे पळून जाणार आहे?

हे मी एवढ्या जोरात बोलतोय, कारण माझ्या घरात नेमकं उलटं घडतं. मुलगी 'करवत' अचूक वाचते, मधला अ बरोबर गिळते, आणि माझ्याकडे बघते. शब्द तिने ऐकलेलाच नाही. इथे करवतीचा विषय निघालाच तर इंग्रजीत निघतो, आणि तोही माझ्याच तोंडून. मराठीवरचं माझं सगळं भांडण त्या ग्रुपवर चालतं, कारण मराठीत भांडायला मला दुसरी जागा उरलेली नाही.

यातलं निम्मं मी ग्रुपवर लिहिलं. बहिणीचं उत्तर आलं, "दादा, तू डिसेंबरात येणार, शिवाजी पार्कात वडापाव खाणार आणि जाणार. ॲडमिशनच्या रांगेत मी असते. तिथे 'मामा' वाचून दाखवला तर कोण घेणार त्याला?"

तिचं खोटं नाही. क्लासचे पैसे तिने भरलेत. बाराखडीबद्दलचं माझं म्हणणं मात्र मी मागे घेत नाही, आणि 'तिकडे असंच असतं' या वाक्यात मला परत ओढू नये, हेही तिला कळवलंय.