‘शाफ्टला ग्रीस मारू नका’ हा सल्ला फोर बाय फोरवाल्यांनी का मानू नये

पावसाळा संपत आला की फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी गाडी) बाळगणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रोपेलर शाफ्टला (गाडीखालून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला) ग्रीस मारणं हे जुन्या जीपच्या जमान्यातलं काम, आताचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वाकू शकणारे जोड) कायमचे सीलबंद असतात. वरून ग्रीस भरलं तर सील फाटतात. गाडी टू-व्हीलमध्येच (फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर) चालत असेल तर पुढच्या शाफ्टकडे बघायची गरज नाही. फारच वाटलं तर हाताशी असेल ते ग्रीस लावा किंवा वॉशिंग सेंटरवर खालून ऑइल मारून घ्या. घरी मात्र या कामात पडू नका. यातलं थोडं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं, आणि म्हणूनच चांगले शाफ्ट अकाली खराब होतात.

सीलबंद क्रॉसचा मुद्दा आधी घेऊ. निप्पल (ग्रीस आत भरायचं छोटं तोंड) नसलेले क्रॉस अनेक गाड्यांत येतात, हे खरं. क्रॉसच्या पोटात ग्रीससाठी भोक पाडावं लागत नाही, त्यामुळे ते मजबूतही असतात. पण म्हणून सगळ्याच गाड्यांत तेच असतात असं नाही. उत्तर मेसेजमध्ये नाही, गाडीखाली आहे. टॉर्च घेऊन वाका. शाफ्टच्या दोन्ही टोकांना, क्रॉसच्या मधोमध किंवा कपावर छोटं निप्पल दिसतंय का? शाफ्ट जिथे आतबाहेर सरकतो त्या स्प्लाइनच्या (लांबट खाचांच्या) नळीवर आणखी एक आहे का? निप्पल असेल तर ते बनवणाऱ्याने वापरण्यासाठीच दिलेलं आहे, आणि गाडीच्या पुस्तकात त्याचा कालावधीही सापडतो. नसेल तर त्या जोडाला ग्रीस मारायचा प्रश्नच नाही. तो खराब झाला की बदलायचा. २०२० नंतरच्या महिंद्रा थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे चाकांकडे जाणारे दोन आखूड शाफ्ट सीव्ही जॉइंटचे (रबरी आवरणात ग्रीससकट बंद असलेल्या जोडांचे) असतात. त्यांना निप्पल नसतं, फक्त रबरी बूट फाटलाय का ते बघायचं. बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसलं तर काम लांबवू नका.

हा क्रॉस एवढी काळजी का मागतो, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत असतं तर त्याने तो लिहिलाच नसता. क्रॉसच्या चार टोकांवर चार कप, आणि प्रत्येक कपात बारीक सुयांचं बेअरिंग. चाकाच्या बेअरिंगचे रोलर गोल गोल फिरतात आणि ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. क्रॉसमधल्या सुया तशा फिरत नाहीत. शाफ्ट जेवढ्या कोनात असेल तेवढ्याच अंशांत त्या मागेपुढे डुलतात. ताशी ८० किलोमीटरला थारच्या आकाराचं चाक मिनिटाला साधारण ५४० फेरे घेतं. अ‍ॅक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे, चारच्या आसपास धरलं तर शाफ्टचे फेरे २,००० च्या वर जातात. म्हणजे प्रत्येक सुई मिनिटाला दोन हजारांहून जास्त वेळा त्याच चिंचोळ्या पट्टीवर घासते. त्या पट्टीतलं ग्रीस बाजूला ढकललं जातं, आपणहून परत येत नाही. त्यात ओढ्याचं पाणी शिरलं की गंज धरतो आणि सुया टोकावर आपल्या रेघा कोरतात. अशा रेघा पडलेला क्रॉस पुन्हा नीट होत नाही. गाडी उंच करून घेतली असेल तर शाफ्टचा कोन वाढतो आणि हे सगळं लवकर घडतं.

आता सील फाटण्याची भीती. निप्पल असलेल्या क्रॉसचे सील ग्रीस बाहेर जाऊ देण्यासाठीच तसे बनवलेले असतात. आतलं काळपट, पाणी लागलेलं ग्रीस नव्याने ढकलून बाहेर काढायचं, हीच पद्धत. चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत हळूहळू ग्रीस गनचा दांडा मारायचा. बाहेर येणारं दुधाळ असेल तर पाणी गेलं होतं, तांबूस असेल तर गंज सुरू झाला आहे. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून आलं नाही, तर चौथा कोरडा आहे. तेव्हा शाफ्ट हाताने थोडा हलवून पुन्हा दाब द्या. तरीही नाही आलं तर तो क्रॉस बदलायच्या यादीत गेला, मग बाकीचे तीन कप कितीही चांगले असोत. सील दुखावतात ते हवेवर चालणाऱ्या पंपाने एकदम दाब दिल्यावर. हाताच्या ग्रीस गनने सावकाश भरल्यावर नाही.

मात्र जास्त ग्रीस घातक ठरू शकेल अशी एक जागा शाफ्टवर आहे, आणि मेसेजमध्ये नेमका तिचाच उल्लेख नाही. ती म्हणजे सरकता जोड, स्प्लाइनची नळी. खड्ड्यात अ‍ॅक्सल वर येतो तेव्हा शाफ्ट आखूड व्हावा लागतो. नळीतली पोकळी ग्रीसने ठासून भरली तर तो आखूड होऊ शकत नाही. ग्रीस दबत नाही, मग धक्का सरळ ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) किंवा डिफरन्शियलच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) बेअरिंगवर जातो. काही नळ्यांच्या टोकाला जादा ग्रीस जाण्यासाठी छोटं छिद्र असतं. तिथून ग्रीस दिसलं की छिद्रावर बोट धरून नळीच्या सीलमधून येईपर्यंत थोडं आणखी भरतात. छिद्र नसेल तर मोजके दांडे मारा, आणि शाफ्ट लांब होताना दिसला की तिथेच थांबा. हे काम गाडी चारही चाकांवर उभी असतानाच करावं. जॅकवर अ‍ॅक्सल लोंबकळत असेल तर शाफ्ट आधीच लांब झालेला असतो आणि पोकळीत नको तेवढं ग्रीस मावतं. जास्त गेलंच असेल तर निप्पल काढा, गाडी थोडी हलवा-दाबा, जादा ग्रीस बाहेर येऊ द्या, मग निप्पल परत बसवा.

‘टू-व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट फिरतच नाही’ हे गाडीगणिक बदलतं. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवणारी कळ) नसतील, किंवा ते लॉक ठेवलेले असतील, आणि अ‍ॅक्सल सोडवणारी दुसरी यंत्रणा नसेल, तर चाकंच आपल्या बाजूने पुढचा शाफ्ट फिरवतात. ट्रान्सफर केसमधून ताकद येत नाही एवढंच. हब मोकळे असतील तर शाफ्ट खरंच थांबतो, पण त्याने काळजी संपत नाही. तो महिनोन् महिने एकाच स्थितीत राहतो, ग्रीस खाली उतरतं, वरचे कप कोरडे पडतात, आणि वॉशिंगचं पाणी तर सगळ्यांनाच लागतं. टोयोटाच्या हँडबुकांत महिन्यातून किमान १६ किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवायला सांगितलं आहे, ते पुढच्या भागांना वंगण पोचावं म्हणूनच. हे अंतर मातीच्या किंवा निसरड्या रस्त्यावर काढा. कोरड्या डांबरावर पार्ट-टाइम (गरजेपुरतं लावायचं) फोर-व्हील घालून वळणं घेतली तर सगळ्या जोडांवर ताण येतो.

‘कुठलंही ग्रीस चालतं’ हे साफ चूक. क्रॉससाठी लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्सचं, ईपी गुणाचं (जास्त दाब सोसणारं), एनएलजीआय २ घट्टपणाचं (हा ग्रीसचा घट्टपणा मोजणारा आकडा) ग्रीस बहुतेक पुस्तकांत सांगितलेलं असतं. दुकानात सर्रास मिळणारं एपी-३ त्याहून एक पायरी घट्ट असतं. क्रॉसच्या आतल्या बारीक वाटांतून आणि सुयांमधून ते तितक्या सहज जात नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस सरकत्या स्प्लाइनला उत्तम. सुयांच्या बेअरिंगला ते पुस्तकाने सांगितलं असेल तरच. पॉलियुरिया किंवा बेंटोनाइटचं ग्रीस लिथियममध्ये मिसळलं तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. रंगावरून मात्र काहीच ठरवू नका, तो फक्त रंग असतो. डब्यावरची अक्षरं वाचा, आणि एकदा निवडलं की तेच वापरत राहा.

वॉशिंग सेंटरवरच्या ऑइलच्या फवाऱ्याबद्दल फार लिहायला नको. तो कपाच्या आत पोचत नाही, बाहेर धूळ धरून ठेवतो आणि सस्पेन्शनचे रबरी बुश फुगवतो.

शेवटचा मुद्दा घरी न करण्याचा. यातली काळजी रास्त आहे, निष्कर्ष नाही. बहुतेक फोर बाय फोर इतक्या उंच असतात की त्यांना जॅक लावावाच लागत नाही. सपाट, टणक जागा निवडा, इंजिन बंद करा, सायलेन्सर थंड होऊ द्या आणि चाकांना पुढून-मागून लाकडाचे किंवा दगडाचे अडसर लावा. नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. विलीजच्या वंशातल्या जुन्या जीपमध्ये आणि जुन्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे तो ब्रेक गाडी धरू शकत नाही. मागचा शाफ्ट सोडला तर हँडब्रेकच उरत नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअर टाकूनही गाडी घरंगळते. हे माहीत नसताना गाडीखाली जाणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणीही, कधीही जाऊ नये. चाक उचलून, इंजिन चालू ठेवून शाफ्ट फिरवत ग्रीस मारणारे काही मेकॅनिक आहेत, त्यांचं बघून ते घरी करू नका. निप्पल वरच्या बाजूला गेलं असेल तर बाहेर या, अडसर काढा, एकजण ब्रेकवर बसून दुसऱ्याने गाडी हातभर ढकलायची, आणि मग सगळे अडसर पुन्हा लावूनच आत जायचं.

गन लावण्याआधी निप्पल फडक्याने लख्ख पुसा, नाहीतर त्यावरची वाळू तुम्हीच बेअरिंगमध्ये ढकलाल. गनची नळी चिरलेली असेल तर वापरू नका. हाताच्या गनमध्येही हजारो पीएसआय (टायरच्या हवेचा दाब मोजतात तेच एकक) दाब तयार होतो, आणि बारीक धारेने त्वचेत शिरलेलं ग्रीस ही लगेच दवाखाना गाठायची जखम असते, वरून ती कितीही किरकोळ दिसो. काम झाल्यावर बाहेर आलेलं ग्रीस पुसून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी नवं-जुनं ओळखता येतं. सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीखालीही हेच बघा. बिलात ग्रीसिंग लिहिलं असेल आणि निप्पलवर वाळलेली माती तशीच असेल, तर तिथल्या तिथे विचारा.

ग्रीसने काय होत नाही तेही सांगायला हवं. कपाभोवती लाल गंजाची भुकटी, हळू चालवताना वेगाबरोबर वाढणारी चीं-चीं, रिव्हर्सवरून पहिला टाकताना खट्ट आवाज, किंवा शाफ्ट हाताने पिळल्यावर क्रॉसमध्ये जाणवणारी ढिलाई: यातलं काही असेल तर ग्रीसने आवाज चार दिवस दबेल, झीज तशीच राहील. धावत्या गाडीत क्रॉस तुटला तर मोकळं झालेलं टोक डिझेलच्या पाइपवर, गिअरबॉक्सवर, पायाखालच्या पत्र्यावर आपटत राहतं. म्हणून क्रॉस बदलून घ्या. बदलताना शाफ्ट सोडण्याआधी फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीवर) आणि सरकत्या जोडाच्या दोन्ही बाजूंना रंगाने खुणा करायला मेकॅनिकला सांगा. दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) मूळ रेषेत बसले नाहीत, तर नव्या क्रॉससकट गाडी थरथरत घरी येईल.