लॅरी मॅकमर्ट्री आणि एक बारगळलेली पटकथा

सिनेमासाठी लिहायला लागला की लेखक संपला, हे मत आपल्याकडच्या साहित्यिक गप्पांत हमखास ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. माझं म्हणणं पटत नसेल त्याने अमेरिकन कादंबरीकार लॅरी मॅकमर्ट्री वाचावा.

१९३६ साली टेक्सासमधल्या गुरं पाळणाऱ्या घरात जन्म. घरात पुस्तक औषधालाही नाही. १९४२ मध्ये युद्धावर निघालेला नात्यातला एक भाऊ एकोणीस पुस्तकांची पेटी देऊन गेला आणि पोराला वाचनाचं वेड लागलं ते कायमचं. पुढे आपल्या आर्चर सिटी गावाचं कोतेपण त्याने 'द लास्ट पिक्चर शो' या कादंबरीत उघडं केलं. तिच्यावरच्या १९७१ च्या सिनेमाची पटकथा दिग्दर्शक पीटर बोगदानोविचबरोबर त्यानेच लिहिली, आणि शूटिंग झालं त्याच गावात!

पण मला खरी मोलाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. दोघांनी जॉन वेन, जेम्स स्टुअर्ट आणि हेन्री फोंडा या नटांना डोळ्यांसमोर ठेवून एक पटकथा लिहिली. वेन नाही म्हणाला, सगळंच बारगळलं. काही वर्षांनी मॅकमर्ट्रीने स्वतःचंच ते लिखाण पदरचे पैसे मोजून परत विकत घेतलं आणि त्यातून 'लोन्सम डव्ह' ही आठशेच्या वर पानांची कादंबरी उभी केली. साल १९८५, पुढच्याच वर्षी पुलित्झर.

सुरुवातच बघा. कादंबरीचा एक नायक गस ओसरीवर येतो तेव्हा डुकरं एक रॅटलस्नेक खात असतात, आणि साप फार मोठा नव्हता, हेही लेखक तिथल्या तिथे सांगून टाकतो. काऊबॉयचा सगळा रुबाब पहिल्याच ओळीत उतरवलाय. तरीही लोकांनी या कादंबरीला काऊबॉयचं गौरवगीत केलं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यातली माणसं नदी ओलांडताना, क्षुल्लक कारणाने, कुणाच्या तरी हट्टापायी मरतात. स्वतःचा बाप गुराखी असताना त्या आयुष्याबद्दल इतकं खरं लिहायला धाडस लागतं.

२००६ मध्ये 'ब्रोकबॅक माउंटन'च्या पटकथेचं ऑस्कर त्याला सहलेखिका डायना ओसानाबरोबर मिळालं. कोटाखाली जीन्स घालून तो मंचावर गेला आणि त्याने आभार मानले जगभरच्या पुस्तकविक्रेत्यांचे. सिनेमाआधी ते पुस्तक होतं, याची आठवणही करून दिली. तो स्वतः आयुष्यभर जुनी पुस्तकं विकत आला होता. आर्चर सिटीत त्याने लाखो पुस्तकांचं दुकान थाटलं होतं.

'लोन्सम डव्ह'च्या जाडीची धास्ती वाटत असेल तर 'द लास्ट पिक्चर शो'पासून सुरुवात करा. पण आधी कादंबरी, सिनेमा नंतर.