जॉनचे दोनशे एकर

पंचाहत्तरीला काय हवं, असं सासूबाईंना विचारलं आणि फसले. "माझ्या माहेरचा जॉन शोधून दे," म्हणाल्या. "दोनशे एकरांचा शेतकरी होता."

सासूबाई अ‍ॅबर्डीनशरच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या; मी नाशिकची. मला वाटलं, त्यात काय! आमच्याकडे त्र्यंबकेश्वरला जाऊन आडनाव आणि मूळ गाव सांगायचं. गुरुजी चोपडी उघडतात आणि खापरपणजोबांपर्यंत पोचवतात. दक्षिणा वेगळी.

इथे सगळं ऑनलाइन, पण दक्षिणा सुटत नाही. पान उघडलं की पैसे, आणि चुकीचा जॉन निघाला तरी ते परत नाहीत. चुकीचे जॉन तर पोत्याने! जुनी स्कॉटिश रीत अशी, की थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पाच भावांनी ती पाळली की एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, त्याच नावाआडनावाचे पाच चुलतभाऊ.

१८४१च्या जनगणनेत टरिफला एक जॉन सापडला, वय २०. १८५१ला फायवीत, वय ३४. दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारा! दोन रात्री मी त्याला परका समजून बाजूला ठेवलं. मग कळलं, की १८४१ला पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचा हुकूम होता. चोविसाचा वीस झाला. १८६१ला तो ४१. तेव्हा असला हुकूम नव्हता, ती तीन वर्षं त्याने स्वतःच खाल्ली.

तो मेला १८५५नंतर, हे त्याचे माझ्यावर उपकार. १८५५ला सरकारी नोंदणी सुरू झाली आणि मृत्यूच्या दाखल्यात आईबापांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट, येऊ लागली. त्या धाग्याने चर्चच्या वहीपर्यंत गेले. लग्न ऑक्टोबर १८१६, जॉनचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८१७. मी बोटं मोजली. चर्चच्या पंचांनीही मोजली होती. दोघांना समोर उभं करून खडसावल्याची नोंद आहे. "तेव्हा कुणाला धड मोजता येत होतं?" सासूबाई म्हणाल्या.

आता राहिली जमीन. जॉनच्या नावापुढे लिहिलंय 'फार्म सर्व्हंट'. म्हणजे आपला सालगडी! तोही सहा महिन्यांच्या बोलीवरचा. आपल्याकडे पाडव्याला गडी बदलतात, तिथे मे आणि नोव्हेंबरात. पेटी उचलायची आणि पुढच्या शेतावर. म्हणून तर दर जनगणनेला नवी पॅरिश, आणि माझं पाकीट रिकामं.

पण दोनशे एकर खोटे नव्हते. १८५१च्या त्याच पानावर होते. चार ओळी वर, मालकाच्या नावापुढे.

हे कसं सांगायचं, याची दोन दिवस तयारी केली. सासूबाईंनी चष्मा लावला, वरची ओळ वाचली, खालची वाचली.

"पान तर एकच आहे ना?" म्हणाल्या. "फ्रेम करून आण."