पडद्यावरचं सूतक कसं पाळावं

आवडतं पात्र मेलं की पहिल्या पाच मिनिटांत रडायचं नाही. रडायला अख्खा आठवडा पडलाय, आणि वाहिनीलाही तो आठवडा तुमच्या रडण्यावरच काढायचाय. आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाका. नाव लिहू नका. नुसते जोडलेले हात आणि एक पणती. मग गंमत बघा. तुमच्या वाढदिवसाला तीन दिवसांनी उगवणाऱ्या नाशिकच्या आत्या अर्ध्या मिनिटात विचारतील, “अरे देवा, कोण गेलं?” पुण्याचे काका थेट फोन लावतील आणि आजोबांची तब्येत विचारतील. तुम्ही जरा वेळ जाऊ द्यायचा आणि मग लिहायचं, “एसीपी प्रद्युम्न.”

“मेल्या, काळजाचं पाणी झालं ना माझं!” आत्या लिहितात. मिनिटभर शांतता. मग पुन्हा, “पण काय रे, खरंच मारलं का त्यांना? आमच्याकडे नेमकी लाईट गेली होती.”

ही युक्ती माझी नाही, वाहिनीची आहे. एप्रिल 2025 मध्ये ‘सीआयडी’तल्या एसीपी प्रद्युम्नला बॉम्बस्फोटात मारलं, तेव्हा सोनीनं समाजमाध्यमांवर चक्क मृत्युलेखाच्या थाटात फोटो टाकला. नावाखाली साल: 1998 ते 2025. लोकांना कळेना, गेलं कोण? पात्र गेलं की ते साकारणारे शिवाजी साटम गेले? साटम ठणठणीत होते. सुट्टी घेऊन निवांत होते आणि पत्रकारांना सांगत होते की आपला ट्रॅक संपल्याचं आपल्याला कुणी कळवलेलं नाही. मेलेल्यालाच बातमी सगळ्यात शेवटी कळावी, ही सोय फक्त मालिकेतच आहे.

आता तुमचं काम. सगळ्यात आधी, ज्यानं मारलं त्या खलनायकावर राग काढू नका. तो बिचारा पगारी आहे. राग काढायचा लेखकावर, निर्मात्यावर, वाहिनीवर, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर डिशवाल्यावर. ‘आता मालिका बंद’ अशी प्रतिज्ञा करायची. ती रात्री दहा वाजता करावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणापर्यंत टिकते. विनोद सुचला तर तोही करून घ्या. प्रद्युम्नच्या जाण्यानंतर निम्म्या महाराष्ट्राला एकाच वेळी सुचलं की सीआयडीत दारं तोडणारा दया आता यमलोकाचंही दार तोडणार आहे, आणि प्रत्येकानं ते स्वतःचंच म्हणून पुढे पाठवलं.

जागेवर जो नवा येईल त्याला मात्र अजिबात थारा देऊ नका. सीआयडीत पार्थ समथान नवा एसीपी म्हणून आला. पोरानं नीट इस्त्री केलेला शर्ट घातला होता, संवाद पाठ केले होते, गुन्हेही सोडवत होता. पण सूतकाच्या घरी नव्या माणसाला चहा विचारायची पद्धत नाही. प्रेक्षकांनी त्याला कामाचे मार्क दिलेच नाहीत; तो हवेत बोटं फिरवत ‘कुछ तो गड़बड़ है’ म्हणत नाही, हाच त्याचा गुन्हा.

पुढचा विधी महत्त्वाचा. पिंडाला कावळा शिवला नाही की घरचे कुजबुजतात, गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असणार. मालिकेतला कावळा दर गुरुवारी येतो. त्याला टीआरपी म्हणतात. तो शिवला तर मेलेला सुखानं मेला. फोटोला हार चढतो, दोन-तीन भाग आठवणींचे दाखवतात आणि विधवेच्या आयुष्यात डॉक्टर किंवा वकील प्रवेश करतो. नाही शिवला तर दर्भाचा कावळा करायची वेळ वाहिनी स्वतःवर येऊ देत नाही. सरळ मेलेल्यालाच उठवते. एसीपीही उठले. पुढच्या काही आठवड्यांत साटम पुन्हा पडद्यावर होते, आणि श्रद्धांजलीची पोस्ट टाकलेल्यांची जरा पंचाईत झाली.

घरात पन्नाशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना मिहीर विराणीबद्दल विचारा. आणि विचारून झाल्यावर तासभर मोकळा ठेवा. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ जुलै 2000 मध्ये सुरू झाली आणि थोड्याच काळात निर्मात्यांनी मिहीरला मारलं. देशात जी रडारड झाली ती आजच्या हॅशटॅगवाल्यांना झेपणार नाही. तेव्हा निषेध करायला फोनचं बिल येत असे, तरी मालिका काढणाऱ्या बालाजी कंपनीच्या कचेरीत फोन खणखणत राहिले. मिहीर परत आला. पण आला तो स्मृती हरवून, आणि सोबत मंदिरा नावाची डॉक्टरीण घेऊन. म्हणजे त्याच्या बायकोचं, तुळशीचं, वैधव्य टळलं आणि सवत मिळाली. ज्या बायकांनी देव पाण्यात घालून त्याला परत मागितलं होतं, त्याच मग टीव्हीसमोर बोटं मोडू लागल्या. पुढे तर मिहीरचा चेहराही बदलला, एकदा नव्हे दोनदा, आणि विराणींच्या घरात कुणीही भुवई उंचावली नाही. त्याच घरातल्या म्हाताऱ्या बा मात्र पिढ्यांमागून पिढ्या खाली उतरल्या तरी टुकटुकीत. 2025 च्या जुलैत मालिका नव्यानं सुरू झाली तर मिहीर हजर, तोही पहिल्याच चेहऱ्यानं. पाव शतकापूर्वी त्याच्यासाठी उपाशी झोपलेल्यांनी व्याजासकट भरपाई मागायला हवी.

मराठी मालिकांत सूतक जरा वेगळं पाळतात. इथे मेलेल्यापेक्षा मागे राहिलेलीची काळजी जास्त. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीच्या दुसऱ्या नवऱ्याला, आशुतोषला, 2024 मध्ये अपघातात मारलं तेव्हा त्याच्यासाठी रडणारे थोडे आणि ‘अरुंधतीनं अजून किती सोसायचं?’ म्हणणारे फार. तिच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी ‘या वयात शोभतं का?’ म्हणून नाक मुरडणारेही त्यात पुढे होते. तुम्ही त्यांच्यातले असाल तर लाजू नका. लग्नाला विरोध आणि वैधव्याला विरोध, दोन्ही एकाच सोफ्यावर बसून करता येतो.

अण्णा नाईकांचा मार्ग सगळ्यात बिनधोक. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 मध्ये सुरू झाली ती त्यांच्या मृत्यूनंच. माणूस मेला आणि मग प्रसिद्ध झाला. दुसऱ्या पर्वात मागे जाऊन त्यांना जिवंत दाखवलं, तिसऱ्यात भूत म्हणून आणलं. अशा पात्राचं सूतक धरावं की फेडावं, हे मालिकेतल्या आकेरीच्या वाड्यालाही ठाऊक नसेल. पण एक गोष्ट पटली: जो आधीच मेलाय त्याला काढून टाकायची धमकी निर्माता देऊ शकत नाही.

घरातली तरुण मंडळी हे वाचून हसत असतील. आम्ही असलं बघत नाही, आम्ही ‘गेम ऑफ थ्रोन्स’ बघितलंय. बरं. त्यात 2011 मध्ये नेड स्टार्कचं मुंडकं उडालं तेव्हा हीच मंडळी सुन्न झाली होती, आणि ते मुंडकं पुस्तकात 1996 पासून उडालेलं होतं. वाचायला पंधरा वर्षं मिळाली होती हो. 2013 च्या त्या लग्नातल्या कत्तलीच्या वेळी तर पुस्तक वाचलेल्यांनी शेजारच्या मित्रावर मोबाईल रोखून त्याची किंकाळी टिपली. ही माझ्या मते शोकाची सगळ्यात हलकट आणि सगळ्यात दूरदर्शी पद्धत. आणि जॉन स्नो? 2015 मध्ये त्याला भोसकला, पुढचं जवळजवळ वर्ष तो नट ‘मी मेलोय’ म्हणून सगळ्यांना शपथेवर सांगत फिरला. चाहते कुठले ऐकतात! त्यांनी त्याचे केस मोजले. भूमिका संपली असती तर पोरानं केस कापले असते की! 2016 मध्ये तो उठून बसला. म्हणून सांगतो, नटाच्या मुलाखतीवर जाऊ नका, त्याच्या न्हाव्याकडे चौकशी करा.

आणि हे टीव्हीमुळे झालं असंही नाही. 1893 मध्ये शेरलॉक होम्सला त्याच्याच लेखकानं धबधब्यात ढकललं, तेव्हा ‘स्ट्रँड’ मासिकाचे वीस हजार वर्गणीदार सुटल्याचं सांगतात. लंडनकरांनी काळ्या फिती बांधल्या म्हणे. त्याला धड पुरावा नाही, पण सूतकाच्या घरी पुरावा मागू नये. दहा वर्षांनी होम्स जिवंत झाला. लेखकाला आपला कावळा उशिरा दिसला, इतकंच.

तर तुमचं पात्रही परत येईल, याची खात्री बाळगा आणि तयारीत राहा. हे मागणं तुमचंच होतं; हॅशटॅग तुमचा, सह्यांची मोहीम तुमची. तरी तो दारात उभा राहिला, पार्श्वसंगीत तीनदा घुमलं, सासूच्या हातातलं पूजेचं ताट सावकाश पडलं, की तुम्ही पहिलं वाक्य ठोकायचं, “काहीही दाखवतात हल्ली!” याला मागेपुढे पाहू नका. मेला तेव्हा ‘असा कसा मारला?’, आला तेव्हा ‘असा कसा आला?’ पोस्ट टाकताना जुनी श्रद्धांजली पुसू नका, तारीख तेवढी बदलायची असते. दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी गेले तेव्हा लिफ्ट बंद होती म्हणून तुम्ही वर गेला नव्हता, हे कुणी आठवून दिलंच तर म्हणावं, त्यांचा रोज साडेआठला संबंध येत नसे.

आणि मालिका बंद करण्याची प्रतिज्ञा निदान शुक्रवारपर्यंत पुढे ढकला. परत आलेला तोच आहे की त्याचा जुळा भाऊ, हे शुक्रवारीच कळणार आहे.