ओबीवायसीमध्ये ओळ भरण्याआधी

नमस्कार,

तुमचा आक्षेप असा, की ‘अकाउंट डिटर्मिनेशन शक्य नाही’ (म्हणजे व्यवहार कोणत्या खात्यात टाकायचा ते ठरवता येत नाही) या एसएपीतील, म्हणजे कंपनीचे हिशेब आणि साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधील, एम८ १४७ क्रमांकाच्या संदेशावर दोन मिनिटांचा उपाय असताना मी लेखात वाचकांना उगाच मटेरियल मास्टरपर्यंत (वस्तूच्या मूळ नोंदीपर्यंत) फिरवून आणले. ओबीवायसी (कोणत्या व्यवहाराला कोणते खाते ते ठरवणारा स्क्रीन) उघडा, जीबीबी या व्यवहार-प्रकारात राहिलेले खाते भरा आणि पुढे चला, एवढेच सांगायला हवे होते. महिनाअखेरीला स्टोअरमध्ये माल अडकून बसतो हे मला मान्य आहे. उपाय मान्य नाही, आणि त्याचे कारण त्या संदेशातच असते.

समजा, संदेशात ‘सीएआयएन जीबीबी ०००१ व्हीबीआर ७९२०’ असे आले. ही पदे म्हणजे अनुक्रमे चार्ट ऑफ अकाउंट्स (खात्यांची यादी), ट्रान्झॅक्शन की (व्यवहाराचा प्रकार), व्हॅल्युएशन ग्रुपिंग कोड (प्लांटांचा गट), अकाउंट मॉडिफायर (व्यवहाराचा उपप्रकार) आणि व्हॅल्युएशन क्लास (मालाचा हिशेबी वर्ग). या पाचांची मिळून एक ओळ टी०३० टेबलात (ओबीवायसीत भरलेल्या ओळी जिथे साठतात तिथे) शोधली आणि ती मिळाली नाही, इतकेच सिस्टिम सांगते; ती ओळ तिथे असायलाच हवी होती, असे ती म्हणत नाही.

आता पंपाचे सील २०१ मूव्हमेंटने (स्टोअरमधून वापरासाठी माल देण्याच्या नोंदीने) कॉस्ट सेंटरवर (ज्या विभागावर खर्च टाकायचा त्यावर) देताना हा संदेश आला असेल, तर पहिला प्रश्न खात्याचा नसून सीलच्या व्यवहारात ७९२० आले कुठून, हा आहे. प्रमाण मांडणीत ७९२० हा तयार मालाचा वर्ग आहे आणि सुट्या भागांचा ३०४०. म्हणजे बहुधा कोणीतरी ते सील तयार मालाच्या मटेरियल टाइपमध्ये उघडले आहे. तुम्ही म्हणता तशी ओळ सुट्या भागांच्या खर्चाचे खाते देऊन भरली, तर सील स्टोअरबाहेर पडेल. पण त्याची आवक बीएसएक्स या साठा-नोंदीच्या ट्रान्झॅक्शन कीमार्फत आधीच तयार मालाच्या साठा-खात्यात पडलेली आहे, ती तशीच राहील. शिवाय उद्या कोणी खराखुरा तयार माल नमुना म्हणून कॉस्ट सेंटरवर टाकला, तर तो खर्च सुट्या भागांच्या खात्यात निमूट जाऊन बसेल आणि त्या वेळी कोणताही संदेश येणार नाही. ताळेबंद जुळवणाऱ्याला हे वर्षअखेरीला कळते. साठा शिल्लक असताना व्हॅल्युएशन क्लास सहज बदलता येत नाही, त्यामुळे खरी दुरुस्ती कटकटीची आहे, हे खरे. मात्र निदानाला वेळ लागत नाही: ओएमडब्ल्यूबी या स्क्रीनमधल्या सिम्युलेशनमध्ये (प्रत्यक्ष नोंद न करता कोणते खाते निवडले जाईल ते दाखवणाऱ्या सोयीत) प्लांट, मटेरियल आणि मूव्हमेंट टाइप द्या, तुमची दोन मिनिटे पुरतील.

पाचही पदे बरोबर असून ओळ टेस्टमध्ये (चाचणीच्या सिस्टिममध्ये) आहे आणि प्रॉडक्शनमध्ये (रोजच्या कामाच्या सिस्टिममध्ये) नाही, असे दिसले, तर ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट (एका सिस्टिममधला बदल दुसरीत नेणारी) कुठे अडकली ते पाहावे. ओळ हाताने भरू नये.

तुमचा झटपट मार्ग एके ठिकाणी मात्र पूर्ण योग्य आहे. एप्रिल ते मार्च असे आर्थिक वर्ष आणि वर्षागणिक नंबर रेंज (दस्तांना द्यायच्या क्रमांकांची व्यवस्था) असलेल्या कंपनीत १ एप्रिलची पहिली नोंद करताना एनआर ७५१ हा संदेश येतो: आरएफ_बेलेगसाठी (हिशेबाच्या दस्तांसाठी) नंबर रेंज इंटरव्हल (क्रमांकांचा पट्टा) नाही. इथे शोधाशोध करण्यासारखे काही नसते. नंबर रेंज ट्रान्सपोर्टने पाठवली, तर तिच्यासोबत चालू क्रमांकही जातो आणि प्रॉडक्शनमधला क्रमांक मागे सरकू शकतो; म्हणून एफबीएन१ (नंबर रेंज भरण्याचा स्क्रीन) थेट प्रॉडक्शनमध्ये उघडून इंटरव्हल भरावा. मार्चमध्येच ओबीएच२ चालवून नव्या वर्षात रेंज कॉपी केल्या असतील, तर तेवढेही करावे लागत नाही.